विटांची आगगाडी, आणि शेवटचं स्टेशन कोल्हापूर

फिटरभाऊ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं इथं नुसता वाचत आलोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. वय ४७. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिच्या खोलीतल्या माळ्यावर लेगोची दोन पोती सापडली. पोती म्हणजे खरोखरची पोती, साखरेची. धुऊन, रंगवार लावून ठेवावं म्हणून रविवारी जेवण झाल्यावर बसलो, तो रात्री दोनला उठलो. त्यात आगगाडीचा एक सेट होता. बॅटरी घातल्यावर मोटर घर्रर्र करून फिरली. त्या गोष्टीला आता सहा महिने झाले. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मी माळ्याखाली.

आता मुद्द्याचं. सोळा वक्र रूळ जोडले की एक गोल होतो आणि गाडी त्यात फिरत राहते. पाच मिनिटं बरं वाटतं. मग डोकं फिरतं. अहो, आपली गाडी कुठं गोल फिरते? मुंबईहून महालक्ष्मी निघते, रात्रभर चालते आणि कोल्हापुरात संपते. पुढं रूळच नाहीत. लहानपणी वडील मला स्टेशनवर त्या शेवटाला न्यायचे आणि म्हणायचे, "बघ, इथं रेल्वे संपली." मला तेच करायचंय. दाराजवळ मिरज, खिडकीजवळ कोल्हापूर, मधे रुकडीचा पंचगंगेवरचा पूल. खोली बारा बाय दहा. डबे खऱ्यासारखे लांब पाहिजेत, आखूड बोकडं नकोत.

बसेल का हे? आणि टोकाला गेलेली गाडी आपोआप परत कशी आणायची? गणपतीच्या आत झालं तर आराशीत मांडायचा विचार आहे.

आणखी एक कोडं. दुपारी खोलीत गाडी रिमोटला दाद देत नाही. रात्री शहाण्यासारखी चालते. मोटर गेली म्हणायची का?

---

तांबडापांढरा

नाद खुळा भावा! मोटर न्हाई गेली, कोल्हापूरची हाय ती, दुपारी झोपत्या.

---

ठोकळेबाज

फिटरभाऊ, स्वागत. आधी कोडं सोडवतो. तुमच्या सेटचा रिमोट कसा आहे? वर दोन फिरत्या चकत्या किंवा दांडे आणि टोकाला काळपट काच असेल तर तो इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचा भाऊ. खिडकीतून ऊन आत आलं की त्यातलं इन्फ्रारेड इतकं असतं की गाडीवरच्या डोळ्याला तुमचा सिग्नल वेगळा ओळखूच येत नाही. पडदा ओढा, गाडी चालेल.

इतिहास थोडक्यात, कारण जुना माल घेताना कामी येतो. लेगोची पहिली आगगाडी १९६६ ची, निळे रूळ आणि साडेचार व्होल्ट. मग १२ व्होल्ट आले. १९९१ पासून ९ व्होल्ट, त्यात वीज धातूच्या रुळांतून यायची. ते रूळ आजही लोक जपून ठेवतात. पुढे कंपनीने धातू सोडला आणि बॅटरी गाडीतच बसवली, आधी इन्फ्रारेडवर आणि २०१८ पासून ब्लूटूथवर. रुळांची रुंदी मात्र पहिल्यापासून एकच, त्यामुळे १९६६ चा डबा आजच्या रुळावर चालतो.

मोजमापाचं उद्या सविस्तर लिहितो.

---

फिटरभाऊ

पडदा ओढला. चालली! बायको म्हणाली, सहा महिने याच खोलीला ऊन येत नाही म्हणून कुरकुरत होतात, आता पडदे ओढून बसा.

---

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण ४७ व्या वर्षी प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर हजारो रुपये? याच पैशात खरी मॉडेल रेल्वे येते, एचओ स्केलची, हुबेहूब.

---

तांबडापांढरा

स्पष्टवक्ते, तुमी क्रिकेट बघताना कुनी इचारतंय का, या वयात चेंडू कशाला बघतायसा म्हणून? बसा की गप.

---

फिटरभाऊ

स्पष्टवक्ता, राग नाही. एचओ मी पाहिलंय. सुंदर असतं. पण ते विकत आणायचं आणि काचेत ठेवायचं. इथं इंजिन चुकलं की मोडून परत करता येतं. दिवसभर मी जे कापतो ते कापलं की कापलं, अर्धा मिलिमीटर जादा गेला की जॉब भंगारात. रात्री असं काहीतरी हातात पाहिजे की ज्यात चूक भंगारात जात नाही.

---

ठोकळेबाज

मोजमाप. फिटरभाऊ मशीनवाले आहेत, त्यांना आकडे गोड लागतील. बाकीच्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

स्टड (ठोकळ्यावरचं गोल बुटकं) ते स्टड ८ मिमी. ब्रिकची (पूर्ण ठोकळ्याची) उंची ९.६, प्लेटची (पातळ ठोकळ्याची) ३.२, म्हणजे तीन प्लेटी बरोबर एक ब्रिक. निळा आयसीएफ (चेन्नईच्या रेल्वे कारखान्याचा) डबा साधारण ३.२५ मीटर रुंद आणि २१.३ मीटर लांब. आठ स्टड रुंदीचा (६४ मिमी) केलात तर प्रमाण पडतं १:५० च्या आसपास आणि लांबी ४२ सेंमी, म्हणजे ५२ स्टड. सहा स्टड रुंदीचा केलात तर लांबी ३९ स्टड. तुम्हाला आखूड बोकडं नकोत, म्हणजे आठची रुंदी.

आता गंमत. लेगोच्या नेहमीच्या वक्राची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंमी. खऱ्या डब्याच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांतलं अंतर १४.७८ मीटर, आपल्या प्रमाणात २९ सेंमी. या वक्रावर डब्याचं पोट रुळाच्या मध्यापासून आत किती सरकेल? अंतराचा वर्ग भागिले आठ त्रिज्या. सुमारे ३३ मिमी, चार स्टड. टोकं बाहेर तितकीच, किंबहुना थोडी जास्तच. शेजारी सिग्नलचा खांब असेल तर गेला. दोन डब्यांची टोकं विरुद्ध खेचली जाऊन डबे जोडणारे चुंबक सुटतील ते वेगळंच. म्हणून बहुतेक लोक डबे आखूड करतात.

पण तुमची कल्पना इथेच उपयोगी पडते. गोल करायचा तर दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ लागतं आणि मोठी त्रिज्या खोलीत मावत नाही. तुम्हाला गोल करायचाच नाही. दारापासून भिंतीने जायचं, कोपऱ्यात एकदा काटकोनात वळायचं आणि खिडकीशी थांबायचं. एकच पाव वर्तुळ! ते १०४ स्टड त्रिज्येचं करा. कंपनी असे रूळ बनवत नाही, पण बाहेरचे लहान उत्पादक बनवतात. त्रिज्या ८३ सेंमी, पोट जेमतेम १३ मिमी आत. बावन्न स्टडचा डबा लोण्यासारखा जाईल. मी बारा वर्षं या छंदात आहे आणि दर वेळी गोलच केला. आज स्वतःचा राग आला.

एकच सांगतो, स्टेशन वक्रावर ठेवू नका.

---

मिरजवाली

मी वाचनमात्र, पण आज राहवलं नाही. माझे बाबा रेल्वेत गार्ड होते, बालपण मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. नॅरोगेजची गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड काल्थ्रोप नावाच्या इंजिनिअरची, १८९७ मध्ये बार्शीकडे सुरू झाली आणि पुढे मिरजेपर्यंत आली. रुंदी अडीच फूट. आषाढीला वारकरी टपावर बसून पंढरपूरला जायचे आणि आम्ही पोरं त्यांना हात करायचो.

कोल्हापूर–मिरज लाइन त्याच्याही आधीची, १८९१ ची, कोल्हापूर संस्थानाने बांधलेली. तीसुद्धा पहिल्यांदा मीटरगेजच होती. फिटरभाऊ, हे मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही मिरजेला एकच रूळ टाकणार असाल तर मला चालणार नाही.

---

ठोकळेबाज

मिरजवाली, तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण ३७.५ मिमी. युरोपातला रूळ १४३५ मिमी, १:५० ला तो साधारण २९ मिमी हवा, म्हणून तिकडच्यांच्या गाड्या फताड्या पायांच्या दिसतात आणि त्यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:५० ला ३३ मिमी. म्हणजे डेन्मार्कमधल्या खेळण्याचा रूळ त्यांच्यापेक्षा आपल्या गाडीला जास्त शोभतो.

---

फिटरभाऊ

हे भारी सापडलं! मी पण एक हिशोब केला. मिरज–कोल्हापूर धरा ४८ किलोमीटर. १:५० ला ९६० मीटर. एक सरळ रूळ १२८ मिमी, म्हणजे साडेसात हजार रूळ. माझ्या भिंतीला मावतात अठ्ठावीस. तेव्हा जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे सगळ्यांची क्षमा मागून मधली स्टेशनं गाळतोय. रुकडीचा फक्त पूल.

---

निळावंती

फिटरभाऊ, पूल करताय तर पाणीपातळीची पट्टी विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कोल्हापूरचं पोर पाढ्याआधी हे शिकतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुरामुळे ही लाइन बंद होती.

२०१९ ला आमच्या तळमजल्यात पाच दिवस पाणी होतं. मुलाच्या ठोकळ्यांचे तीन डबे चिखलात गेले. अनुभवाने सांगते, ठोकळ्यांना काहीही होत नाही. कोमट पाणी (चाळिसाच्या वर नको, आकार बिघडतो), भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, रात्रभर भिजत आणि मग जुन्या टूथब्रशने खालच्या नळ्या घासायच्या. चिखल तिथेच बसतो. वाळवायला उन्हात नको, सावलीत जुन्या साडीवर. पांढरे आणि राखाडी ठोकळे उन्हाने पिवळे पडतात. गेल्या त्या फक्त लोखंडी गोष्टी: चाकांच्या दांड्या आणि जुने उघडे चुंबक, दोन्ही गंजले.

---

तांबडापांढरा

एक अडाणी प्रश्न. बाजारात तसलेच ठोकळे पाव किमतीत मिळत्यात. वरिजनलच का पायजे? दुसऱ्याला काय कळतंय?

---

ठोकळेबाज

झालं. आता हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार.

---

फिटरभाऊ

थांबा, याचं उत्तर मी देतो, कारण मी मोजलंय. दुकानात मायक्रोमीटर आहे. स्टडचा व्यास ४.८ मिमी. लेकीच्या पोत्यातले, पंधरा वर्षांपूर्वीचे आणि या वर्षीचे ठोकळे एकाशेजारी एक लावले. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत सगळे. आमच्याकडं पॅटर्न (साच्याचा नमुना) करताना बिडाच्या ओतकामाला साधारण एक टक्का श्रिंकेज धरतो आणि तरी मशीनिंगला माल जादा ठेवावा लागतो. हे लोक प्लास्टिक ओततात, आक्रसणं धरतात आणि थेट साच्यातून हे माप काढतात, तेही दर वर्षी तेच. ज्यानं साचा केलाय त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

स्वस्तातल्यांत दोन-तीन शतांश इकडंतिकडं निघाले. एकावर एक पाच लावले तर फरक कळत नाही. पण ५२ स्टडचा डबा केला की तो फरक साठत जातो आणि छत केळ्यासारखं वाकतं. माझं मत: झाडं, डोंगर, प्लॅटफॉर्मच्या आतलं भराव काम, यात स्वस्त माल बिनधास्त वापरा. चाकं, रूळ आणि डब्याचा सांगाडा यात कंजूषपणा नको.

---

ठोकळेबाज

हे सगळं मान्य, पण मी स्वस्त माल भरावातही घालत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या डिझाइनची चोरी ती चोरी.

---

स्पष्टवक्ता

आणि किमतीचं काय? खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. वर २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. तत्त्वं परवडायला पाहिजेत.

---

तांबडापांढरा

आँ? स्पष्टवक्त्यांना ड्युटी तोंडपाठ कशी काय? तुमी पन मागवताय व्हय चोरून?

---

स्पष्टवक्ता

भाच्यासाठी.

---

कोडेवाला

गाडी परत आणण्याचं सांगतो. तुमचा इन्फ्रारेडवाला सेट याला उपयोगाचा नाही, कारण त्याला डोळे आहेत पण मेंदू नाही. ब्लूटूथवाला हब, म्हणजे बॅटरी आणि मेंदू असलेला ठोकळा घ्या. त्याला दोन पोर्ट असतात. एकात आगगाडीची मोटर, दुसऱ्यात रंग ओळखणारा सेन्सर, तोंड खाली रुळाकडे. दोन्ही स्टेशनांवर रुळाच्या मधे एकेक लाल टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) लावा. हबवर पायब्रिक्स नावाची मोफत प्रणाली चढवता येते, मग पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आठ-दहा ओळी लिहायच्या: लाल दिसला की वेग कमी कर, थांब, वीस सेकंद थांबून उलट दिशेने नीघ. फोन लागत नाही, रिमोट लागत नाही.

बॅटरी पेन्सिल सेलपेक्षा बारीक, सहा. रिचार्जेबल घालणार असाल तर ध्यानात ठेवा, एकेक १.२ व्होल्टची, म्हणजे नऊऐवजी ७.२ व्होल्ट. गाडी थोडी मंद चालेल. तुमच्या कामाला ते बरंच आहे.

बॅटरीचं वजन मोटरच्या डोक्यावर येऊ द्या. चाकांच्या रबरी कड्यांना पकड मिळते.

---

फिटरभाऊ

कोडेवाला, मनापासून आभार. पायथॉन म्हणजे मला साप, पण सीएनसी मशीनचे (संगणकावर चालणाऱ्या) प्रोग्राम हातानं लिहिलेत, जमेल.

पुलाला उंची द्यायची म्हणजे चढ आला. चढ किती चालतो?

---

ठोकळेबाज

प्रत्येक सरळ रुळामागे एक प्लेट उचला. १२८ ला ३.२, म्हणजे ४० ला १. तुमची महालक्ष्मी ज्या बोरघाटाने येते तो ३७ ला १ आहे आणि तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तेव्हा घरात याहून उभा चढ केलात तर तुम्हालाही मागून ढकलावं लागेल. चढाची सुरुवात आणि शेवट अर्ध्या प्लेटीने करता आला असता तर बरं झालं असतं, पण अर्धी प्लेट नसते. तिथे डब्यांचे चुंबक वर-खाली सरकून सुटतात. दोन-तीन रूळ सैल सोडा, आपोआप थोडे वाकतात.

---

मिरजवाली

मला सांगा, पूल उंच करण्याऐवजी नदी खाली का नाही नेत? सगळी मांडणी दोन इंच उचला आणि नदीपाशी खड्डा ठेवा. रूळ सपाटच राहतील.

---

ठोकळेबाज

...बारा वर्षं.

---

फिटरभाऊ

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, गणपती झाले, आता निवांत लिहितो.

मिरजवालींचा सल्ला मानून मांडणी प्लायवूडच्या फळ्यांवर उचलली. नदी खाली गेली, रूळ सपाट राहिले. मिरजेला तीन रूळ टाकलेत, ताई. दोन नुसते शोभेचे, पण टाकलेत. इंजिन जुनं अल्को डिझेल, माझ्या लहानपणीचं. त्याला तीन-तीन चाकांच्या बोगी आणि लेगोची मोटर दोन जोड्यांची, म्हणून तिसरी जोडी नुसती लोंबती लावलीय. निळे डबे तीनच झाले. सगळ्यात जास्त वेळ गेला खिडक्यांच्या गजांना. शेवटी ग्रिलच्या टाइली आडव्या लावल्या, एका डब्याला पस्तीसच्या वर. त्या लागल्या आणि डबा एकदम आपला दिसायला लागला. त्याआधी तो कुठल्याही देशाचा होता.

पहिल्या दिवशी आरतीच्या वेळेला लाज गेली. कोडेवाल्यांच्या प्रोग्रामनं आठ दिवस चोख काम केलं होतं. आराशीत लाल-हिरवी एलईडीची माळ सोडली आणि सेन्सर येडा झाला. रुळावरच रंग बदलायला लागले की. गाडी मधेच रुकडीच्या पुलावर थांबली, मग कोल्हापूरला थांबलीच नाही, बफर तोडून हळदी-कुंकवाच्या ताटात. पाहुण्यांच्यात हशा. पोरं म्हणाली, परत करा.

रात्री सेन्सर एका प्लेटीनं खाली घेतला, भोवती काळ्या टाइलींची झालर लावली आणि माळ एका जागी स्थिर केली. मग दहा दिवस काही नाही. तांबडापांढरा यांच्या वहिनींनी सुचवल्याप्रमाणं मालगाडीच्या डब्यात एक मोदक ठेवून पण पाठवला. बाप्पापर्यंत पोचला. मुंग्यापण पोचल्या, सकाळी अख्खी कोल्हापूर–मिरज लाइन काळी.

लेक आली होती. दोन तास जमिनीवर पालथी पडून डोळे रुळाच्या पातळीला लावून बघत होती. जाताना म्हणाली, बाबा, पोती माझी आहेत हे विसरू नका.

आता एकच खटकतंय. आमचे एक नातेवाईक रेल्वेतून रिटायर झालेत, ते दर्शनाला आले. गाडी कोल्हापुरात आली, थांबली, उलटी निघाली. ते म्हणाले, "इंजिन मागं ठेवून ढकलत नेणार होय मिरजेपर्यंत? इंजिन सोडवून पुढं आणायला नको?" बरोबर आहे. एवढं सगळं केलं ते शेवटच्या स्टेशनासाठी, आणि शेवटच्या स्टेशनावर जे होतं तेच राहिलं. शंटिंगसाठी बाजूचा रूळ टाकायला जागा काढलीय. सेकंडहँड सांध्यांची (गाडीचा रूळ बदलणाऱ्या रुळांची) जोडी मागवली, त्यातल्या डाव्याची पिवळी कळ मोडलेली आली.

---

कोडेवाला

इंजिन सुटं करायचं तर चुंबक अडवतील. रुळाच्या मधे एक उतरती पट्टी वर येईल अशी करा, छोट्या मोटरवर. डब्यांच्या मधे घुसली की जोड सुटतो. प्रोग्राम मी लिहून देतो.

---

तांबडापांढरा

हाताने सोडवा की. खरा शंटिंगवाला पन हातानंच सोडवतोय.

---

मिरजवाली

डावा सांधा माझ्याकडे आहे. हा धागा वाचून मुलाचं जुनं खोकं उघडलं होतं, त्यात निघाला. कळ शाबूत आहे. पण पोस्टाने पाठवणार नाही, येऊन न्या. येताना त्या तीन रुळांचा फोटो आणा, आईला दाखवायचाय.

---

फिटरभाऊ

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतो.